चोवीस उघडी झाकणं

बारामतीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राची संशोधन प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिचा एसी पहिल्या. कागदोपत्री एसी प्रयोगशाळेतच आहे. दरवर्षीच्या तपासणीत तो तिथंच सापडतो. पण प्रकल्पप्रमुख दिग्विजय सरांना विचार करायला गारवा लागतो, आणि प्रयोगशाळेत विचार होत नाही, नुसतं काम होतं, हे ध्यानात घेऊन तो सरांच्या केबिनमध्ये बसवला गेला. वर काम करणारी माणसं दोनच. पीएचडी करणारी उत्कर्षा आणि लॅब अटेंडंट फारुक आतार.

फारुकला सगळं कॉलेज मामा म्हणतं. हा हुद्दा नेमणूकपत्रात नाही, पण चालतो तो हाच. एकवीस वर्षांत त्यानं किती मुलांना ब्युरेट धरायला शिकवलं याची नोंद कुठं नाही. ब्युरेट किती फुटल्या याची आहे, आणि ती त्याच्याच अक्षरात आहे.

मूळचा तो इंदापूरचा. त्याचे अब्बा अत्तर विकायचे. सागवानी पेटी, आत लाल मखमलीच्या खाचा, खाचांत काचेच्या कुप्या. हीना, मोगरा, खस, गुलाब. उरूस असो, जत्रा असो, मोरगावची चतुर्थी असो, अब्बा पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसायचे आणि कंडक्टरच्या मनगटाला एक थेंब लावून उतरायचे. प्रत्येक कुपीवर छापील चिठ्ठी असायची: ‘आतार आणि चिरंजीव, इंदापूर’. त्यातला चिरंजीव म्हणजे फारुक, वय वर्षं सात. पुढं बाजारात फवाऱ्याचे डबे आले, पोरं अंगावर फवारून हिंडायला लागली आणि पेटी माळ्यावर गेली. त्यानंतर फारुकचं नाव कुठं छापून आलं नाही. रेशनकार्डावर आलं, पण ते हातानं लिहिलेलं होतं.

अब्बांकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे हात. काडीला बरोबर एक थेंब, ना अर्धा ना सव्वा. दुसरी म्हणजे शिस्त. एका वेळी एकच कुपी उघडायची. तिचं बूच घट्ट बसल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. “उघडी ठिवली की हवा आत शिरती,” अब्बा म्हणायचे, “आन् आत शिरलेलं भायेर काढता येत न्हाय.”

ही शिस्त पुढं देशाच्या विज्ञानाला उपयोगी पडेल असं अब्बांना वाटलं नव्हतं. विज्ञानालाही वाटलं नव्हतं.

प्रकल्पाचं नाव तीन ओळींचं होतं. सर ते एका दमात म्हणत आणि मग पाणी पीत. साध्या भाषेत सांगायचं तर वीज वाहून नेणारं प्लास्टिक तयार करायचं. असं प्लास्टिक ज्या द्रवात चांगलं धरतं तो द्रव म्हणजे आयनिक लिक्विड. ते एक मीठच असतं, पण गॅसवर न ठेवताच वितळलेलं, काकवीसारखं दाट आणि वाफ होऊन उडून न जाणारं. वासही जवळजवळ नाही. फारुकनं पहिल्याच दिवशी त्याला ‘मुकं अत्तर’ म्हटलं आणि उत्कर्षानं ते वहीच्या समासात लिहून ठेवलं.

अडचण एवढीच की अशी मिठं हजारोंनी बनवता येतात. एक धन आयन, एक ऋण आयन, कुणाचंही कुणाशी जुळवा. वधूवर सूचक मंडळासारखा प्रकार, फक्त पत्रिका नाही. कुठल्या जोडीच्या संगतीत प्लास्टिक नीट धरेल हे वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि एकेक करत बसलं असतं तर उत्कर्षाची पीएचडी तिच्या नातवंडांनी पुरी केली असती. म्हणून रॅपिड स्क्रीनिंग, म्हणजे झटपट चाळणी. चोवीस छोट्या बाटल्या, प्रत्येकीत वेगळा द्रव आणि प्रत्येकीत पायरोल नावाच्या रसायनाचा मोजून एक थेंब. बाटलीत धातूच्या दोन पट्ट्या बुडवायच्या आणि चार मिनिटं वीज सोडायची. एका पट्टीवर काळी साय धरते. ती चिकटपट्टीनं उचलायची, मीटर लावायचा, आकडा लिहायचा, पुढची बाटली. दोन तासांत चोवीस द्रवांचा निकाल.

यासाठी बाहेरच्या देशात यंत्र मिळतं. त्या यंत्राची फाइल कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर इतक्या सावकाश निघाली होती की तिला झटपट काहीच मान्य नसावं. तोवर फारुकनं सुताराकडून एक लाकडी घडवंची करून आणली. चार ओळी, ओळीत सहा भोकं, प्रत्येक भोकावर आकडा. दिसायला थेट अब्बांची पेटी. फक्त मखमल नव्हती. थेंब टाकायचं काम साहजिकच त्याच्याकडं आलं. पीएचडी झालेल्या दिग्विजय सरांचा थेंब कधी दीड पडायचा, कधी टेबलावर.

उद्घाटन एप्रिलमध्ये ठरलं. पारा एकेचाळीसवर, एसी खाली, पाहुणे वर. पाहुणे म्हणजे मोहनराव, आठ-दहा संस्थांचे संचालक. सायन्सशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या एका संस्थेच्या नावात तो शब्द होता. सर घामाघूम झाले. “मामा, काहीतरी करा.”

फारुकनं केलं. मेव्हण्याच्या, शहबाजच्या मंडप डेकोरेशनमधून लग्नात लावतात तो भला मोठा कूलर आणला, चार बादल्या पाणी ओतलं, वाळ्याची जाळी भिजवली आणि हौसेनं पाण्यात खसाचे चार थेंबही टाकले. प्रयोगशाळेला पहिल्यांदाच प्रयोगशाळेचा वास आला नाही.

मोहनरावांनी फीत खाली दारातच कापली होती. नारळही तिथंच फुटला होता. वर आल्यावर उद्घाटन करायला काही उरलंच नव्हतं.

“मग आता आमी काय करायचं?” मोहनरावांनी विचारलं.

सर प्रसंगावधानी. “साहेब, आपल्या हस्ते बाटल्यांची झाकणं उघडू या.”

“किती हायत?”

“चोवीस.”

“समदी?”

“फोटोत भरगच्च दिसेल.”

फारुक हळूच म्हणाला, “सर, एकेक उघडली आन् लावली तर...”

“मामा, कूलरचं तोंड साहेबांकडं करा.”

टाळ्यांच्या गजरात चोवीस झाकणं उघडली. तेविसाव्या झाकणाला मोहनरावांना फोन आला, म्हणून शेवटची दोन त्यांच्या ड्रायव्हरनं उघडली. फोटोत तोही आहे. दुसऱ्या दिवशी सरांनी आदेश काढला: इथून पुढं झाकणं साहेबांच्या हस्ते उघडली तशीच, सगळी एकदम. “एकेक उघडत बसलात तर त्याला रॅपिड कोण म्हणेल?” बाटल्यांचा क्रमही बदलायचा नाही, कारण रजिस्टरची पानं एक ते चोवीस आकड्यांनिशी छापून आली होती. छापलेल्या गोष्टीपुढं कुणाचं काही चालत नाही.

पाहुणे गेले, कूलर राहिला. लग्नसराई आटोपेपर्यंत शहबाजला त्याची आठवण झाली नाही आणि फारुकनं करून दिली नाही.

मे महिन्यात निकाल आले. बावीस नंबर पहिला. एकोणीस, वीस, एकवीस, तेवीस, चोवीस त्याच्या पाठोपाठ. शेवटची अख्खी ओळ काळीभोर, चकचकीत साय देत होती आणि पहिल्या ओळीतले हुशार, महागडे, परदेशातून मागवलेले द्रव नुसते तोंड पाडून बसले होते. उत्कर्षानं तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

“तीनदा तेच म्हणजे सिद्ध झालं,” सर म्हणाले. त्यांनी बावीस नंबरचं बारसं तिथंच उरकलं. “उसाला नाही का, को ८६०३२? तसं आपलं डीव्ही-२२.” डीव्ही म्हणजे दिग्विजय हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारताच त्यांनी दोनदा सांगितलं. मग त्यांचं लक्ष घडवंचीजवळ उभ्या फारुककडं गेलं. मन मोठं झालं होतं. “मामा, पेपरमध्ये तुमचं नाव टाकतो. शेवटी, आभारात. थेंब तुमचे आहेत.”

फारुकनं घरी हे सांगितलं, आणि सांगितल्याचा त्याला पुढं तीन आठवडे पश्चात्ताप झाला. त्याची बायको सायराबानू हिनं संध्याकाळपर्यंत गल्लीला कळवलं, दुसऱ्या दिवशी इंदापूरला नणंदेला, आणि शुक्रवारी बाजारात भेंडीवालीला, जिनं फक्त पाव किलो का पाऊण एवढंच विचारलं होतं.

“छापून येणार म्हंजे कुठं?” नणंदेनं फोनवर विचारलं.

“परदेशात!” सायराबानू म्हणाली. “हितं कोण वाचतंय.”

फारुक बाहेर हसत होता, पण आत त्याला चिठ्ठी दिसत होती. ‘आतार आणि चिरंजीव’. चाळीस वर्षांनी चिरंजीव पुन्हा छापून येणार होता. सेवेत कायम होण्याचा आनंदही त्याला इतका झाला नव्हता. तेव्हा नुसता शिक्का होता.

मेच्या शेवटी पुण्याहून एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना डीव्ही-२२ त्यांच्या यंत्रांवर पाहायचं होतं. त्यासाठी नवी, सीलबंद बाटली मागवली. ती फोडून लहान बाटलीत भरायचं काम फारुकचं. त्यानं सिरिंज बुडवली, दट्ट्या ओढला, आणि त्याचा अंगठा थांबला.

दट्ट्या जड होता. द्रव काकवीसारखा, तार धरून वर येत होता. बावीस नंबर असं नव्हतं. बावीस नंबर, एकवीस, तेवीस, ती सगळी ओळ पातळ यायची, लिंबाच्या सरबतासारखी. डोळ्यांना चोवीसही बाटल्या सारख्याच दिसत; पट्ट्या बुडवण्याआधी तो प्रत्येक बाटली सिरिंजनं एकदा ढवळायचा, म्हणून हे अंगठ्याला ठाऊक होतं. पण अंगठ्याला कुणी रजिस्टर दिलं नव्हतं.

फारुक स्टुलावर बसला. समोर कूलर घरघरत होता. एक नंबरची बाटली उघडल्यावर पाच मिनिटांत तिचं काम होऊन जायचं. बावीस नंबरची पावणेदोन तास उघडी बसून असायची, लग्नातल्या कूलरच्या ओल्या वाऱ्यात. मुकं अत्तर हवेतलं पाणी पीत होतं. जो जास्त वेळ रांगेत थांबेल तो जास्त पिणार, पातळ होणार, आणि अंगात थोडं पाणी असलं की पायरोलची साय चांगली धरते, हे उत्कर्षानंच त्याला एकदा कुठल्याशा जुन्या पेपरातून वाचून दाखवलं होतं. म्हणजे दोन महिने त्यांनी द्रवांची परीक्षा घेतलीच नव्हती. रांगेची घेतली होती. बारामती तालुक्यात रांगेत शेवटी उभं राहिलेल्याचा पहिला नंबर येतो, इथंच खरं तर सगळ्यांना संशय यायला हवा होता.

आणि कूलर त्यानंच आणला होता.

त्या दिवशी त्यानं कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. दुपारी घरी जेवताना सायराबानूपाशी विषय काढला.

“नाव बहुतेक येणार न्हाय.”

“का? सर फिरले?”

“न्हाय. चूक झालीय. मलाच कळलीय.”

“आनखी कुनाला कळलीय?”

“कुनाला न्हाय.”

सायराबानूनं भाकरी उलटली. “मग घाई काय हाय तुमाला? आधी छापून येऊ द्या, मग सांगा की. छापलेलं कोन पुसतंय.”

हे म्हणणं विज्ञानाच्या अनेक मोठ्या संस्थांच्या धोरणाशी तंतोतंत जुळणारं होतं. फारुकलाही ते पटलं. दोन दिवस पटलेलं राहिलं. त्या दोन दिवसांत त्यानं न सांगता कपाटं पुसली, फुटक्या बीकरांची यादी केली आणि कूलरकडं पाहायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षा खिडकीत उभी राहून फोनवर वडिलांशी बोलत होती. तिचे वडील हिंदुराव कोऱ्हाळे बुद्रुकचे, ऊसवाले. “व्हय तात्या, सोमवारी पुण्याला. एकटीच. सर न्हाईत येणार, त्यांना मीटिंग हाय... न्हाय, घाबरायचं काय त्यात. त्यांच्याकडं काचेची पेटी हाय, आतली हवा एकदम कोरडी, आपल्यापेक्षा भारी. तिथं आपलं बावीस आणखी चांगलं चालेल.”

कोरडी हवा. फारुकच्या हातातलं फडकं थांबलं. तिथं बावीस नंबरला प्यायला पाणीच नसणार. दहा माणसांसमोर साय धरणार नाही, आणि समोर ही पोर एकटी उभी असणार. सर मीटिंगमध्ये. आपलं नाव आभारात.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “ताई, एक डाव उलटं करू या.”

“काय उलटं?”

“चोवीसपासनं सुरू करायचं. एक नंबर शेवटी.”

“मामा, सोमवारी मला जायचंय. आता कशाला खेळ?”

“म्हनूनच. सोमवारी जायचंय म्हनूनच.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. एकवीस वर्षांत मामांनी प्रयोग सुचवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिनं नव्या चोवीस बाटल्या भरल्या, सगळी झाकणं एकदम उघडली आणि चोवीसपासून सुरुवात केली. बावीस नंबरवर फिक्कट, तुटक साय आली, दुधात पाणी जास्त झाल्यासारखी. दोन तासांनी एक ते सहा नंबरांनी अशी काळीभोर साय दिली की मीटरचा आकडा पाहून उत्कर्षानं मीटर बंद करून पुन्हा लावला.

“म्हणजे...” ती खाली बसली. “म्हणजे दोन महिने...”

“कूलर मी आनलाता,” फारुक म्हणाला. “तेवढं माज्या नावावर लिवा.”

“आणि झाकणं एकदम मी उघडली. तीन वेळा. एकदाही क्रम बदलला न्हाय मी, मामा. मी!”

“पानं छापलेली हुती ना.”

ती रडली नाही. आधी तिनं एक बाटली काट्यावर ठेवली, झाकण उघडं ठेवून. दर मिनिटाला शेवटचा आकडा वर सरकत होता. तिनं पुन्हा वडिलांना फोन लावला, सोमवार रद्द झाल्याचं सांगायला, आणि का ते सांगता सांगता बाटलीचं वजन वाढतंय हेही सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून हिंदुरावांचं उत्तर फारुकनंही ऐकलं.

“आमचा ऊस भवानीनगरच्या कारखान्यावर ट्रॉलीत उभा राह्यला की वजन घटतंय, आन् तुमचं उभ्या उभ्या वाढतंय? पोरी, दोन डोळे बेणं आण त्याचं. पुढच्या साली त्याचीच लागण करू.”

मग दोघं खाली केबिनमध्ये गेली. आत मस्त गार होतं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. विचार केला. विचारासाठी लागणारी सोय होतीच.

“उलटं करायला कुणी सांगितलं होतं?”

“सर, मुद्दा तो न्हाय...” उत्कर्षा म्हणाली.

“सुलटं केल्यावर येतंय ना? मग सुलटंच करा.”

“सर, कंपनीत कोरडी हवा असते.”

डीव्ही-२२ सरांच्या डोळ्यांसमोर सरबत होऊन वाहून चाललं होतं. मग त्यांना एक धागा सापडला. “कूलर कुणी आणला?”

“मी,” फारुक म्हणाला.

“प्रयोगशाळेत, परवानगीशिवाय, ओला कूलर! मामा, एकवीस वर्षं काढलीत तुम्ही इथं.” त्यांनी पेपरचा कच्चा मसुदा ओढला, शेवटचं पान काढलं आणि लाल पेननं एक ओळ खोडली. त्याच आभारात वरच्या ओळीत मोहनराव होते, झाकणं उघडल्याबद्दल नव्हे, प्रेरणेबद्दल. ती ओळ राहिली. एसीबद्दल फारुक काही बोलला नाही. उत्कर्षा बोलणार होती, पण फारुकनं दार उघडून धरलं होतं.

घरी त्यानं एवढंच सांगितलं, “खोडलं.”

सायराबानूला इंदापूरला फोन करायचा होता, भेंडीवालीला टाळायचं होतं. शेवटी म्हणाली, “सांगितलं नसतं तर त्या पोरीचं काय झालं असतं?”

“फजिती.”

“मग ऱ्हाऊ द्या.” आणि थोड्या वेळानं, “पर सरांना म्हनावं, आमच्या शहबाजचा कूलर लई गार हवा देतोय. घरी लावा.”

पुढं चार महिने सगळं पहिल्यापासून. कूलर परत गेला. उत्कर्षानं द्रव गरम करून, हवा ओढून घेऊन कोरडे केले. पट्ट्या रबरी बुचातून आरपार घातल्या, म्हणजे प्रयोग चालू असतानाही बाटली बंद. आणि कामाची रीत अब्बांची: एकच बाटली उघडायची, बूच बदलायचं, काम झालं की लावायची, मगच दुसरी. कितवी बाटली कधी, हे रजिस्टर ठरवणार नव्हतं. फारुकनं चोवीस चिठ्ठ्या केल्या, बिस्किटाच्या डब्यात टाकल्या, आणि रोज सकाळी उत्कर्षा डोळे मिटून एकेक काढायची. छापील रजिस्टरच्या मागं कोरी पानं होती, ती वापरली. याला दोनाऐवजी तीन तास लागत. रॅपिड थोडं कमी रॅपिड झालं, पण चाळणीतून आता रांग नव्हे, द्रवच चाळले जात होते.

शेवटी पहिला आला नऊ नंबर. साधा, देशी बनावटीचा, आधीच्या तिन्ही याद्यांत सतरावा. पाच दिवस पाच क्रमांनी केलं, नऊ नंबर हलला नाही. कंपनीच्या कोरड्या पेटीतही हलला नाही. सरांनी त्याचं नाव डीव्ही-९ ठेवलं. पेपर छापून आला. आभारात संस्था होती, प्राचार्य होते, मोहनराव होते. फारुकनं उत्कर्षाच्या मोबाइलवर ती ओळ दोनदा पाहिली आणि मोबाइल परत दिला. “मोहनरावांचं नाव बरोबर आलंय,” तो म्हणाला.

प्रबंध मात्र उत्कर्षाचा होता, आणि सरांनी तो वाचला नव्हता. सरांचा नियमच होता. आपल्या विद्यार्थ्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

तोंडी परीक्षेला वडोदऱ्याहून परीक्षक आल्या. पांढरे केस, पायात साध्या चपला, मराठी माहेरची. प्रश्न तासभर चालले. फारुक चहाचा ट्रे घेऊन आत आला तेव्हा त्या पानं उलटत होत्या.

“पान ब्याऐंशी. इथं तुम्ही लिहिलंय, ‘सर्व नमुने आतार क्रमानं हाताळले.’ एक झाकण, एक नमुना, चिठ्ठीनं क्रम. चांगली रीत आहे. पण हे आतार कोण? संदर्भ दिसत नाही.”

सर पुढं सरसावले. पाहुण्यांसमोर विद्यार्थिनी अडखळू नये ही त्यांची तळमळ. “मॅडम, जुनं काम आहे ते. इराणकडचं. फार मोठं नाव. आम्ही बरीच वर्षं त्यांचं फॉलो करतो.”

फारुक कप मांडत बाईंच्या डाव्या हाताला आला.

“कुठल्या विद्यापीठाचे?” बाईंनी विचारलं.

सर विद्यापीठ आठवत असताना उत्कर्षा म्हणाली, “मॅडम, ते तुमच्या डाव्या हाताला उभे आहेत. चहा देतायत.”

सरांनी चहा उचलला; तो फार गरम असल्याचं त्यांना उशिरा कळलं.

बाईंनी फारुककडं पाहिलं. “तुमचा क्रम का हा?”

“माझा न्हाय मॅडम. अब्बांचा. चिठ्ठ्या तेवढ्या माज्या.”

“ते काय करत?”

“अत्तर विकायचे. इंदापूरला.”

“बूच बदलताना किती वेळ उघडं चालतं?”

“चाळीस मोजोस्तोवर.”

“चाळीसच का?”

“अब्बा चाळीस मोजायचे. आमी काट्यावर बघितलं तर पंचेचाळीसनंतर वजन हलतंय. ताईंनी त्याचा आलेख काढलाय, पुढच्या पानावर हाय.”

बाईंनी पुढचं पान उलटलं. आलेख होता. त्यांनी पेन काढला, पान ब्याऐंशीच्या समासात काहीतरी लिहिलं आणि सरांकडं वळून म्हणाल्या, “इराण जरा जवळच निघालं.”

उत्कर्षा डॉक्टर झाली. त्याच आठवड्यात तिनं फारुकला पान ब्याऐंशीची झेरॉक्स दिली, जाड कागदावर. समासात बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: संदर्भ पाहिला, भेटला.

फारुकनं माळ्यावरची पेटी खाली काढली. मखमल उंदरांनी कुरतडली होती, पण झाकण अजून घट्ट बसत होतं. सायराबानूनं झेरॉक्स हातात घेऊन वरून खाली पाहिली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण नवऱ्याचं आडनाव तिला पासबुकावरून ओळखता यायचं. तिनं बोट ठेवलं.

“आतार हाय खरं. पर ह्यात ‘आणि चिरंजीव’ कुठाय?”

“चिरंजीव चहा देत हुता,” फारुक म्हणाला, आणि त्यानं पेटी लावली.